संवेदकांचे जाळे : आधी संगणकात तालीम, मग वाडीत मांडणी

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, अर्नाळा आणि कळंब यांच्या दरम्यान, राजोडी हे गाव वसलेले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, त्याला लागून सुरूची झाडे आणि त्यांच्या आड नारळ, केळी, भाजीपाला व फुलझाडे यांच्या वाड्या, अशी या किनारपट्टीची घडण आहे. जमीन रेताड, निचरा चांगला आणि मुंबईची बाजारपेठ जवळ. त्यामुळे लहानशा वाडीवरही येथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या साऱ्या बागायतीचा आधार म्हणजे विहिरी आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारी बावखले होत. पूर्वी या विहिरींवर रहाट चालत. बैल थकला की रहाट थांबे आणि विहिरीला विसावा मिळे. पंपाला थकवा नाही. वीज असेतोवर तो पाणी ओढीतच राहतो.

समुद्राकाठच्या विहिरीला एक भय कायमचे असते. गोड्या पाण्याचा उपसा वाजवीपेक्षा अधिक झाला की त्याची जागा खारे पाणी घेते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने टँकरसाठी होणारा विहिरींचा उपसा आणि वाढती बांधकामे यांकडे लोकांचे लक्ष वेधले, त्यामागे हेच भय होते. विहीर खारावल्याचे पीक करपल्यावर कळले तर त्या ज्ञानाचा उपयोग थोडाच. ते आधी कळावे यासाठी आज संवेदक, म्हणजे आपोआप मोजमाप घेऊन ते बिनतारी संदेशाने कळविणारी लहान यंत्रे, उपलब्ध झाली आहेत. परंतु ती कोणत्या विहिरीत बसवावीत, हा प्रश्न यंत्रे विकत घेऊन सुटत नाही. त्याची तालीम आधी संगणकात घेण्याची एक पद्धत विकसित झाली आहे. तिची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. राजोडीचे उदाहरण समजुतीसाठी घेतले असले तरी किनाऱ्यावरील कोणत्याही गावास ते लागू पडेल.

खाऱ्या पाण्याचे गणित

किनाऱ्याखालील जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमधील घायबेन यांनी आणि पुढे १९०१ साली जर्मनीतील हर्झबर्ग यांनी त्याचा नियम मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तिच्या खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकून राहते, असा तो नियम आहे. याचा उलट अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. वरची पातळी कायमची १ मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर येऊ शकते. शिवाय जोरकस पंपाच्या थेट खाली खाऱ्या पाण्याचा एक उंचवटा तयार होतो आणि तो विहिरीच्या तळाशी लवकर पोहोचतो. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक गोडी व दुसरी मचूळ, असा प्रकार किनाऱ्यावर पाहावयास मिळतो.

पाण्याचा खारेपणा त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. तिचे माप डेसिसिमेन्स प्रतिमीटर हे होय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार ओलिताच्या पाण्याची वाहकता ०.७ च्या आत असल्यास काळजीचे कारण नसते, ०.७ ते ३ पर्यंत पीक व जमीन पाहून जपून वापर करावा. ३ च्या पुढे धोका मोठा. पिकापिकांत फरक आहेच. घेवड्याचे पूर्ण उत्पन्न ०.७ पर्यंतच मिळते व २.४ च्या पाण्यावर ते निम्म्यावर येते, टोमॅटो १.७ पर्यंत तग धरतो व ५ च्या सुमारास निम्म्यावर येतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५० असते. म्हणजे विहिरीच्या शंभर भाग पाण्यात समुद्राचे केवळ दोन भाग मिसळले, तरी वाहकता सुमारे १ ने वाढते. घेवड्याच्या वाफ्याला एवढी वाढ पुरेशी घातक आहे, आणि ती जिभेला मात्र जेमतेम जाणवते.

मोजमाप कोठे कमी पडते

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत, नोंदविते. तालुक्याच्या भूजलाचा कल समजण्यासाठी या नोंदी मोलाच्या आहेत. २०१७ साली राज्य शासनाने महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. त्यामुळे पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांची माहिती मंडळाच्या पातळीवर मिळू लागली. परंतु समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, पंप दिवसाकाठी काही तास चालतो आणि बांधापलीकडची विहीर निराळी वागते. एवढ्या बारकाव्याचे मोजमाप त्या त्या वाडीतच व्हावयास हवे.

असे मोजमाप महाराष्ट्राला अगदीच नवीन नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आयआयटीतील स्पॅन प्रयोगशाळेने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात ‘ॲग्रिसेन्स’ या नावाने संवेदकांचे जाळे बसविले. तापमान, हवेतील आर्द्रता, पानांवरील ओलावा आणि जमिनीतील ओल यांची मोजमापे मळ्यातून थेट मुंबईच्या प्रयोगशाळेत पोहोचविण्याचा तो प्रयोग होता. द्राक्षाच्या मळ्यात वेलींच्या ओळी सरळ, उंची सारखी आणि मालक एकच असतो. राजोडीसारख्या गावी मात्र वाड्या लहान, पिके मिश्र, झाडांची उंची कमी-अधिक आणि मालक अनेक. द्राक्षमळ्यातील मांडणी येथे जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही.

समजा, अशा एका पट्ट्यात ४० विहिरी आहेत आणि ८ संवेदकांपुरताच निधी आहे. ४० विहिरींतून ८ निवडण्याचे प्रकार किती? गणिताने ते ७ कोटी ६९ लाखांहून अधिक भरतात. एकेक प्रकार तपासण्यास एकच सेकंद लागला, तरी सर्व तपासावयास सुमारे २ वर्षे ५ महिने लागतील. प्रत्यक्ष वाडीत तर एक मांडणी पारखावयास एक उन्हाळा खर्ची पडतो. संगणकातील तालमीची गरज येथे उत्पन्न होते.

संगणकातील गाव

या पद्धतीत प्रथम गावाची प्रतिकृती संगणकात उभी करतात. तिला आभासी भूप्रदेश असे म्हणता येईल. साध्या नकाशात रस्ता, विहीर, घर ही केवळ रेघांनी दाखविलेली असतात. आभासी भूप्रदेशात प्रत्येक तुकड्याला आपली माहिती असते : येथे रेती आहे, येथे पाणी मुरते, येथे काँक्रीट असल्याने मुरत नाही, येथे केळीची लागवड असल्याने रेडिओचा संदेश अडतो, येथून माणूस चालत जाऊ शकतो. कॅनडातील क्वेबेक येथील लावाल विद्यापीठात मेहदी मेक्नी आणि बर्नार्ड मुलँ यांनी अशा माहितीपूर्ण भूप्रदेशांवर काम केले आणि संवेदकांच्या जाळ्याची मांडणी त्यांत पारखण्याची पद्धत मांडली. जमिनीचे सरसकट चौकोन न पाडता ज्या त्या वस्तूच्या खऱ्या हद्दीप्रमाणे तुकडे पाडावेत, हे त्यांच्या कामाचे एक वैशिष्ट्य होय. ज्यांची वाडी वेड्यावाकड्या बांधांची आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

जमिनीची उंची ही या प्रतिकृतीची पहिली गरज. अंतराळातून घेतलेल्या मोजमापांवरून ती विनामूल्य मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानाने रडारच्या साह्याने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरही कार्टोसॅट उपग्रहाच्या आधारे तयार केलेली उंचीची माहिती मिळते. परंतु येथे सावधगिरी हवी. एंडेव्हरच्या माहितीत सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीला एकच उंची दिलेली असते. म्हणजे जवळजवळ ९ गुंठ्यांना एक आकडा झाला, आणि राजोडीकडील कित्येक भाजीचे तुकडे त्याहून लहान असतील. दुसरे असे की, दाट झाडीत रडारला जमीन नीट दिसत नाही. नारळाचा शेंडा आणि जमीन यांच्या मधली कोठली तरी उंची तो जमिनीची म्हणून नोंदवितो. किनाऱ्यावर जेथे एक मीटर पातळीचा हिशेब ४० मीटरपर्यंत पोहोचतो, तेथे नारळाच्या झावळीला जमीन समजणे परवडणारे नाही.

हा दोष सुधारण्याचे साधन गावातच आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात पूर आला, त्या वेळी पाणी कोणत्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, कोणते बावखल प्रथम भरून वाहिले, उधाणाच्या भरतीचे पाणी कोणत्या नाळेतून आत शिरते, हे गावातील वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असते. साचलेल्या पाण्याची पातळी सर्वत्र सारखी असते. सबब पाणी पोहोचल्याच्या दहा-वीस खुणा नकाशावर मांडल्या, की जमिनीच्या उंचसखलपणाची उपग्रहापेक्षा अधिक विश्वसनीय कल्पना येते.

एजंट म्हणजे कोण?

गाव उभे राहिले की त्यात वावरणारी पात्रे हवीत. त्यांना संगणकशास्त्रात ‘सॉफ्टवेअर एजंट’ म्हणतात. एजंट म्हटले की बाजारातील दलाल किंवा विमा विकणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येईल. येथे मात्र अर्थ ‘प्रतिनिधी’ असा घ्यावा. हा प्रतिनिधी म्हणजे संगणकाला दिलेल्या नियमांचा एक लहान संच होय. तो आपल्या आसपासची स्थिती पाहतो, आपल्या नियमाप्रमाणे निर्णय घेतो आणि कृती करतो. वरून कोणी सूत्रे हलवीत नाही. अनेक प्रतिनिधींच्या वागण्यातून गावाचे एकंदर चित्र तयार होते.

आपल्या उदाहरणात तीन प्रकारचे प्रतिनिधी लागतील. पहिला संवेदकाचा. त्याला आपली विहीर, आपली बॅटरी आणि संदेश किती दूर जातो हे ठाऊक असते. दर पंधरा मिनिटांनी मोजमाप घेतल्यास दिवसाला ९६ संदेश होतात, दर तासाने घेतल्यास २४. संदेश पाठविण्यात बॅटरी बरीच खर्च होते. म्हणून भांगाच्या दिवसांत तासातासाने आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत पंधरा मिनिटांनी मोजावे, असा नियम त्याला देऊन पाहता येतो. शेजारच्या विहिरीतील प्रतिनिधी हुबेहूब तेच सांगत असेल, तर आपण दुसरीकडे जावे, हेही त्याला शिकविता येते.

दुसरा प्रतिनिधी पंप चालविणाऱ्याचा. तो वीज असेल तेव्हा, पिकाच्या गरजेप्रमाणे, ठरावीक तास पाणी उपसतो. भाजीला रोज, केळीला काही दिवसांआड, नारळाला त्याहून उशिरा. लग्नसराईत फुलांना भाव आला की त्याचे तास वाढतात. तिसरा प्रतिनिधी देखभाल करणाऱ्या माणसाचा. बिघडलेल्या संवेदकापर्यंत तो किती दिवसांत पोहोचेल, पावसाळ्यात त्याची वाट बंद होईल काय, याचा हिशेब तो ठेवतो. भरती-ओहोटी, पाऊस आणि भूजलाची हालचाल या गोष्टी भूप्रदेशाच्या नियमांत समाविष्ट करतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीवर भरतीचा परिणाम लवकर होतो, दूरच्या विहिरीवर उशिरा व मंद होतो. या पट्ट्यात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडत असल्याने पुढील आठ महिने साठ्यावरच काढावे लागतात. हा सारा क्रम प्रतिकृतीत उतरावा लागतो.

अशा तालमीसाठी लागणारी साधने महाग नाहीत. अमेरिकेतील उरी विलेन्स्की यांनी १९९९ साली प्रथम प्रसिद्ध केलेला ‘नेटलोगो’ हा संगणककार्यक्रम विनामूल्य मिळतो व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तो लवकर आत्मसात होतो. ‘गामा’ हा दुसरा विनामूल्य कार्यक्रम गावाचा संगणकीय नकाशा थेट वापरू शकतो. नकाशा तयार करण्यास ‘क्यूजीआयएस’ हेही मोफत उपलब्ध आहे. कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल.

केळीचे पान आणि रेडिओचा संदेश

वाडीतील मांडणीत सर्वांत फसविणारी गोष्ट म्हणजे झाडोरा. आपल्या देशात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कमी शक्तीच्या बिनतारी यंत्रांसाठी परवान्याविना वापरता येतो. या लहरींना दोन टोकांमधील सरळ रेघच मोकळी मिळून भागत नाही. रेघेच्या सभोवारही जागा लागते. दोन यंत्रांत ५०० मीटर अंतर असेल, तर मध्यावर सुमारे साडेसहा मीटर त्रिज्येची जागा बऱ्याच अंशी मोकळी असणे इष्ट ठरते. आता केळीचा विचार करा. तिची पाने रुंद आणि पाण्याने भरलेली. पाणी रेडिओच्या लहरी शोषून घेते. पावसाच्या तोंडावर लागवड केली तेव्हा गुडघाभर असलेली केळ पुढे माणसाच्या दुप्पट उंच होते. जूनमध्ये सुरळीत पोहोचणारा संदेश डिसेंबरात अडतो. यंत्र मात्र ठाकठीक असते!

म्हणून संगणकातील गावात केळ वाढली पाहिजे. वर्षभर एकाच उंचीची झाडे धरून केलेली तालीम फसवी ठरते. उंच जातीच्या नारळाचा शेंडा पंधरा-वीस मीटरवर असतो व त्याच्या खाली नुसती खोडे असतात. तेव्हा केळीच्या वर परंतु नारळाच्या शेंड्याखाली अशा मधल्या थरात ॲन्टेना बसविल्यास संदेशाला वाट मिळण्याचा संभव अधिक, असा तर्क बांधता येतो. तो बरोबर की चूक हे प्रतिकृतीत पारखावे आणि नंतर एका वाडीत दोन यंत्रे बांधून खात्री करून घ्यावी.

तालीम कशी घ्यावी

प्रतिकृती तयार झाल्यावर ऑक्टोबर ते मे हा कोरडा काळ संगणकात काही मिनिटांत चालविता येतो. प्रथम एक साधी मांडणी घ्यावी. उदाहरणार्थ, आठही संवेदक समुद्राला समांतर एका ओळीत. दुसरी मांडणी सारख्या अंतरावर विखुरलेली. तिसरी, जेथे उपसा अधिक तेथे. प्रत्येक मांडणी अनेकदा चालवावी आणि दर वेळी एखाद्या संवेदकाची बॅटरी संपवावी, एखादे टोक खाऱ्या हवेने गंजवावे, एखादा पंप अवेळी चालू ठेवावा. प्रत्यक्षात जे घडते ते एकाच प्रकारे घडत नाही, म्हणून ही पुनरावृत्ती आवश्यक आहे.

मांडणीची किंमत कशावरून ठरवावी? विहिरीचा खारेपणा ०.७ च्या पुढे गेल्यापासून किती दिवसांत इशारा मिळाला, किती विहिरी इशाऱ्याविना खारावल्या, शंभरपैकी किती संदेश पोहोचले आणि दुरुस्तीस किती फेऱ्या पडल्या, या चार कसोट्या पुरेशा आहेत. त्यानंतर संगणक एका संवेदकाची जागा बदलून पाहतो. निकाल सुधारला तर नवी जागा ठेवतो, नाहीतर जुनी. अशा रीतीने कोट्यवधी प्रकार न तपासताही चांगल्या मांडणीच्या जवळ पोहोचता येते.

इशारा मिळाल्यावर काय करावयाचे, हेही आधी ठरलेले असावे. पंपाचे तास कमी करून विहिरीला विसावा देणे, एकदम उपसण्याऐवजी थोडेथोडे उपसणे, बावखलाचे गोडे पाणी मिसळून देणे, घेवड्याच्या जागी खारेपणा सोसणारे पीक घेणे, हे उपाय वेळीच केले तर फळ देतात. इशारा मिळूनही शेजारच्या चार विहिरी जोराने चालूच राहिल्या, तर एकट्याने पंप बंद ठेवून लाभ नाही. जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही. प्रतिकृतीत हेही पाहता येते की, चारांपैकी दोघांनी उपसा कमी केला तर काय होते आणि चौघांनीही केला तर काय होते. गावाच्या बैठकीत शंभर शब्दांनी जे पटत नाही, ते असे चित्र पडद्यावर पाहून पटण्याचा संभव आहे.

कोणाची विहीर निवडावी

येथे एका नाजूक गोष्टीचा विचार केला पाहिजे. संगणक आपण सांगू तेच उद्दिष्ट साधतो. ‘जास्तीत जास्त क्षेत्र इशाऱ्याखाली यावे’ असे उद्दिष्ट दिले, तर मोठ्या वाड्यांतील विहिरी निवडल्या जातील. ‘दुरुस्तीचा खर्च कमीत कमी व्हावा’ असे म्हटले, तर रस्त्याकडेच्या विहिरी पुढे येतील. समुद्रालगतच्या अर्ध्या एकराच्या तुकड्यावर भाजी पिकविणाऱ्या, आडवाटेच्या कुटुंबाची विहीर दोन्ही हिशेबांत मागे पडेल. आणि खारे पाणी तर सर्वांत आधी त्याच्याच विहिरीत येणार. ‘ज्याचे नुकसान प्रथम व सर्वाधिक, त्याला इशारा प्रथम’ असे उद्दिष्ट ठेवले की मांडणी बदलते. शिवाय त्या विहिरीतील वाढता खारेपणा आतल्या सर्वांनाच पूर्वसूचना देतो. म्हणून उद्दिष्ट कोणते असावे हे संगणक चालविणाऱ्याने परस्पर ठरवू नये. ते गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे.

त्याचप्रमाणे मोजमापाची मालकी. आपली विहीर मचूळ झाल्याची बातमी बाहेर गेली तर वाडीची किंमत उतरेल, ही शंका अनाठायी नाही. कोणाचे आकडे कोणाला दिसतील, ते किती काळ ठेवले जातील, बाहेरच्या कोणास द्यावयाचे असल्यास कोणाची संमती लागेल, हे यंत्र बसविण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

तालमीच्या मर्यादा

तालीम म्हणजे प्रयोग नव्हे. याचा धडा हॉलंडमधील एका प्रयत्नाने दिला. २००५ साली डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात करपा रोगाची पूर्वसूचना मिळावी म्हणून शंभराच्या आसपास संवेदकांचे जाळे बसविले. संदेशांची देवाणघेवाण, यंत्रांतील कार्यक्रम, बॅटरी अशा अनेक ठिकाणी अडचणी एकामागून एक उभ्या राहिल्या आणि हंगामात अपेक्षित मोजमापांपैकी केवळ सुमारे २ टक्के हाती लागली. संशोधकांनी ही हकीकत आडपडदा न ठेवता प्रसिद्ध केली, हा त्यांचा मोठेपणा होय. प्रयोगशाळेत आणि संगणकात जे सुरळीत चालते, ते ओल्या शेतात तसेच चालेल असे धरून चालता येत नाही.

राजोडीच्या हवेत मीठ आहे, पावसाळ्यात बुरशी आहे, विहिरीच्या कठड्यावर पोरांचा वावर आहे आणि तारा कुरतडणारे उंदीर आहेत. प्रतिकृतीत जे घातले नाही, तेच बहुधा प्रत्यक्षात आडवे येते. यावर उपाय असा की, आठही संवेदक एकदम न घेता प्रथम दोन घ्यावेत आणि ते एक उन्हाळा व एक पावसाळा चालवून पाहावेत. तसेच काही विहिरींच्या हाताने घेतलेल्या नोंदी प्रतिकृतीला दाखवूच नयेत. प्रतिकृतीने त्या विहिरींचा खारेपणा आपणहून किती जवळपास सांगितला, हे नंतर ताडून पाहावे. अंदाज चुकला तर प्रतिकृती सुधारावी. तोवर तिच्या भरवशावर पैसा घालू नये.

येत्या उन्हाळ्यात काय करावे

संगणक व संवेदक येण्याची वाट न पाहता वाडीवाल्यांना पुढील कामे आजच हाती घेता येतील.

१. प्रत्येक विहिरीला क्रमांक देऊन तिची जागा, खोली, बांधणी व जवळचे बावखल यांची नोंद करावी. मोबाईल फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात.

२. होळीपासून पावसापर्यंत दर पंधरवड्याला, एकदा उधाणाच्या व एकदा भांगाच्या दिवशी, पाण्याची पातळी कठड्यापासून मोजावी.

३. त्याच वेळी विद्युतवाहकता मोजावी. खिशात मावणारे मापक चार-पाच वाड्यांनी मिळून घेतले तरी चालते. विहिरीच्या वरच्या थराचे पाणी अधिक गोडे असते, म्हणून पंप दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर नमुना घ्यावा आणि दर वेळी तीच पद्धत ठेवावी.

४. पंप किती अश्वशक्तीचा आहे व त्या दिवशी किती तास चालला, हे लिहावे. या नोंदीशिवाय प्रतिकृतीतील पंपाचा प्रतिनिधी आंधळा राहतो.

५. पुराच्या व उधाणाच्या पाण्याच्या जुन्या खुणा वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर मांडाव्यात.

६. केळीची लागवड केव्हा केली व ती केव्हा किती उंच झाली, हे टिपून ठेवावे.

पाणी व माती यांचे नमुने तपासून घेण्यासाठी आणि खारेपणा सोसणाऱ्या पिकांच्या सल्ल्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्र आणि आपल्या जिल्ह्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधावा.

वही आणि पेन्सिल यांनी केलेल्या या नोंदी एक-दोन वर्षांच्या झाल्या, की त्यांवर उभी राहिलेली प्रतिकृती बाहेरून आणलेल्या कोणत्याही तयार नकाशाहून सरस ठरेल. संगणकातील गाव आपल्या माहितीवरच जगते. वाडीवाल्याने सांगितले नाही तर त्याला उधाण कळत नाही, बावखलाचा गुण कळत नाही आणि केळ वाढते हेही कळत नाही. तेव्हा संवेदक कोणी द्यावेत आणि केव्हा द्यावेत याची चर्चा होत राहील. विहिरींची वही मात्र येत्या होळीपासून प्रत्येक वाडीत सुरू व्हावी, अशी सर्व शेतकरी बंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे.